धावपटूचा गुरू झाला: पॅट्रिक सांग

केनियाच्या पश्चिमेला नंदी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर, चहाचे मळे, मक्याची शेते आणि दारोदारी गाई. येथील नंदी लोक मूळचे गुरे पाळणारे. जगातले लांब पल्ल्याचे कितीतरी नामांकित धावपटू या लहानशा जमातीतून आणि तिच्या भाऊबंद जमातींतून आले. विरळ हवेत वाढलेल्या शरीराचे रक्त प्राणवायू अधिक वाहून नेते, हे त्याचे एक कारण सांगतात. पण उंच डोंगर जगात पुष्कळ आहेत आणि सगळीकडून विजेते येत नाहीत. म्हणून या अंकात एका माणसाची ओळख करून देत आहोत. आपल्या वसतिगृहांच्या कामाला हातभार लावणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

पॅट्रिक सांग यांचा जन्म १९६४ चा. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. तीत नुसता वेग पुरत नाही. दमलेल्या पायांनी प्रत्येक वेळी पाऊल नेमके टाकावे लागते. धावण्याच्या जोरावर सांग अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकले. १९९१ आणि १९९३ च्या जागतिक स्पर्धांत रौप्यपदक, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही रौप्यपदक. त्या दिवशी तिन्ही पदके केनियानेच नेली. जागतिक किंवा ऑलिंपिक सुवर्ण मात्र सांग यांच्या वाट्याला कधी आले नाही.

शिकून बाहेर पडलेला हा माणूस गावाकडे परतला आणि मुलांसाठी स्पर्धा भरवू लागला. सन २००१ च्या सुमारास सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला व म्हणाला, मला सराव कसा करायचा ते सांगा. सांग यांच्याजवळ कागद नव्हता, पेनही नव्हते. त्यांनी एक काडी उचलली आणि दोन आठवड्यांचा सराव हातावर ओरखडून दाखवला. मुलाने तो पाठ केला आणि घरी पळत जाऊन लिहून काढला. दोन आठवड्यांनी तो पुन्हा हजर, पुढचे सांगा म्हणून. असे बरेच महिने चालले. सांग यांनी त्याला स्वतःचे घड्याळ दिले. तो कोणाचा कोण हे मात्र त्यांनी पुष्कळ उशिरा विचारले. तेव्हा कळले की मुलाची आई म्हणजे आपल्याला बालवाडीत शिकवणाऱ्या बाई!

तो मुलगा एलिउड किपचोगे. वडिलांचे छत्र नव्हते. शेजाऱ्यांकडचे दूध गोळा करून सायकलवरून बाजारात विकणे हा त्याचा उद्योग. २००३ साली, अठराव्या वर्षी, पॅरिसमध्ये तो ५००० मीटरचा जगज्जेता झाला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. गरीब, हुशार मुलाला बूट घेऊन देणे सोपे असते आणि देणाऱ्यालाही त्यात आनंद असतो. सांग यांनी पहिल्यांदा दिला तो फक्त दोन आठवड्यांचा कार्यक्रम. पण मूल पुन्हा आले तेव्हा ते जागेवर होते, आणि तिसऱ्यांदाही होते. आपल्याकडे हर्सूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. तिलाही नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले, तेव्हा २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आले. पाड्यावर पळणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांच्याजवळ टिकणारा जाणता माणूस क्वचितच दिसतो.

काप्टागाट येथील शिबिरात सांग शिकवतात. उंची सुमारे २४०० मीटर. धावपटू आठवडाभर घरच्यांपासून दूर, तेथेच राहतात आणि शनिवारी घरी जातात. पहाटे धावणे, आठवड्यातून एकदा तीस ते चाळीस किलोमीटरची लांब दौड, एक दिवस मैदानावर वेगाचा सराव, मधल्या दिवसांत हलके पळणे. रोज जीव तोडून पळायचे नाही. शरीर सावरते ते हलक्या दिवसांतच. उतावळ्या मुलांना हे पटवणे हेच प्रशिक्षकाचे अर्धे काम. केर काढणे, संडास धुणे ही कामे पाळीपाळीने सगळे करतात, आणि त्यातून जगज्जेत्यालाही सूट नाही. किपचोगे रोजचा सराव वहीत टिपून ठेवतो. (पौलाला शर्यतीचा दाखला फार प्रिय होता. करिंथकरांना लिहिताना त्याने संयमाची जी बाजू मांडली, ती या शिबिरात रोज दिसते.)

कसोटीचा काळ आला २०१२ मध्ये. लंडन ऑलिंपिकच्या संघात किपचोगेची निवड झाली नाही. अनेकांनी येथे धावणे सोडले असते. गुरूशिष्यांनी पल्ला बदलला आणि मॅरेथॉन धरली. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पहिलीच मॅरेथॉन त्याने जिंकली. मग २०१६ आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, आणि बर्लिनमध्ये २०२२ साली २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम. २०१९ मध्ये व्हिएन्नात ठरवून आखलेल्या दौडीत त्याने हे अंतर दोन तासांच्या आत कापले. वेगाडी धरणाऱ्या साथीदारांची मदत असल्याने ती वेळ विक्रमात धरली गेली नाही.

शिबिरात आता फेथ किपयेगॉनही सांग यांच्याच हाताखाली धावते. २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. त्यानंतर ती पुन्हा मैदानात उतरली आणि १५०० मीटरचा विश्वविक्रम तिच्या नावावर लागला.

१० ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये सकाळी मॅरेथॉन होती. एकोणचाळीस वर्षांचा किपचोगे तीस किलोमीटरनंतर थांबला. ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने प्रथमच अर्ध्यावर सोडली. त्याच संध्याकाळी फेथने १५०० मीटरचे सलग तिसरे सुवर्णपदक जिंकले. दोघेही सांग यांचेच विद्यार्थी.