नागपुरात अडलेली एकी

२०२३ मध्ये कोट्टायमला आशियाई ख्रिस्ती परिषदेची महासभा भरली. सभेचे फोटो आमच्या बालाघाटातही मोबाइलवर फिरले. त्याच सुमारास आमच्या नात्यातलं एक लग्न दोन पाळकांच्या दाखल्यांत अडकलं. मुलगा नागपूरचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे सीएनआयचा, मुलगी मेथडिस्ट. आशिया एक झाला, नागपूर परकंच राहिलं!

एकीची ही बोलणी जुनी. १९५७ ला इंडोनेशियात प्रापातला ठरलं, १९५९ ला क्वालालंपूरला ही आशियाई परिषद उभी राहिली. मग ठराव, अहवाल, पुन्हा ठराव. ते जाऊ द्या. आमचं घोडं नागपुरात अडलं. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही आले. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा की जाणत्या वयातला, हा जुना वादसुद्धा 'दोन्ही चालतील' म्हणून मिटवला. आम्ही अमेरिकी मेथडिस्ट. वर्षानुवर्षं वाटाघाटींना बसलेले आमचे पुढारी ऐन वेळी उठले. कारणं ढीगभर सांगितली. माझ्या मते खुर्च्या आणि अमेरिकेचं नातं, दोनच. मिशनरी लॅम्पार्डसाहेबांनी गोंडांमध्ये उभं केलेलं बालाघाट मिशन पूर्वीच मेथडिस्टांकडे गेलेलं, म्हणून आम्हीही बाहेर. मंडळीतल्या बायाबापड्यांना कोण विचारतो?

आणि गंमत बघा, त्याच सत्तरच्या दशकात आमच्याकडे एकी नांदत होती. नागपूरचे सीएनआयवाले पाहुणे गोंदियाला गाडी बदलून छोट्या लाइनने नाताळला येत. फेरी निघे तेव्हा ढोलक आमची, पेटी एका कॅथलिक मास्तरांची. तिची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. मास्तर गाता गाता ती नखाने उचलत. रेव्हरंड टिळकांची भजनं सगळ्यांना पाठ. घरोघरी करंज्या, आणि रविवारी प्रभुभोजनाला गुडघे टेकणारा कुठल्या रजिस्टरातला, हे आमचे पाळक विचारत नसत.

१९८१ ला मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं. अमेरिकेची सबब संपली, तरी दार उघडलं नाही. पुढची वर्षं जमिनींच्या भांडणांत आणि कोर्टाच्या तारखांत गेली. त्यांवर शाई कशाला खर्चू?

आता मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आल्यापासून कुठे प्रार्थनेवरून तक्रार झाली, की सगळे पाळक एका निवेदनासाठी जमतात. एवढीच एकी उरली आहे. तीही कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात, आणि तिथेही पहिली सही कोणाची, यावर अर्धा तास जातो.