मापातला स्टार कुठे जातो?

समजा, जिंतूरच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने परभणीच्या दुकानदाराला मोबाइलवर मागणी पाठवली : ‘३*६ चे ४ पत्रे, ४*८ चे २’. दुकानदाराने ती संगणकावरील नोंदवहीत उतरवून छापली. कागदावर आले : ‘३६ चे ४ पत्रे, ४८ चे २’, मधला मजकूर तिरपा. गोदामातल्या माणसाने काय मोजावे?

यात संगणकाचा बिघाड नाही. असे बरेच प्रोग्राम ‘मार्कडाउन’ ही खुणांची पद्धत वापरतात. अमेरिकेतील जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये आणली. एकेका स्टारमध्ये धरलेला मजकूर तिरपा, दोन-दोन स्टारमध्ये धरलेला ठळक. खुणा स्वतः दिसत नाहीत. व्हॉट्सअॅपवर २०१६ पासून एकेका स्टारने मजकूर ठळक होतो. म्हणजे खूण एक आणि अर्थ दोन.

मूळ नियम मोघम होते. जो तो प्रोग्राम आपला अर्थ लावी. म्हणून २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ हा काटेकोर नियमसंच पुढे आला. स्टार उघडणारा की मिटणारा, हे त्यात शेजारी काय आहे यावरून ठरते. दोन्हीकडे जागा सोडून ‘३ * ६’ लिहिले तर तो नुसता स्टार राहतो. शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर खूण मानत नाहीत, स्टार मात्र मानतात. मापे लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हे उलटेच झाले, असे आम्हांस वाटते.

पावती क्रमांकांचे तर याहून वाईट. ओळीच्या आरंभी इंग्रजी आकडा, टिंब आणि मग जागा आली की ती यादी समजली जाते, व पहिल्या आकड्यापुढे क्रम आपोआप लागतो. बारा, पंधरा, एकोणीस या पावत्या बारा, तेरा, चौदा होऊन छापल्या जातात. उधारीच्या वहीत असे झाले तर भांडणच! देवनागरी आकड्यांना हा नियम लागत नाही. पण मग सुट्या ओळी एकापुढे एक जुळून परिच्छेद होतो.

दुकानासाठी प्रोग्राम करून घेणाऱ्या बांधवांनी आधी महिनाभराच्या खऱ्या मागण्या करणाऱ्यापुढे ठेवाव्यात. दोन आकड्यांमधला स्टार म्हणजे माप, लिहिलेला आकडा बदलायचा नाही, ओळ मोडली तिथे मोडू द्यायची, आणि जोडी न सापडलेला स्टार जसाच्या तसा छापायचा, एवढे त्याच्याकडून करून घ्यावे. तोवर मापात स्टारऐवजी गुणिले चिन्ह (×) वापरावे.