पत्र्याच्या कडेवरची खाच

जहाजाच्या सांगाड्यातील बहुतेक पोलादी पत्र्यांच्या कडेला लहानमोठ्या खाचा कापलेल्या असतात. दोन पत्र्यांना जोडणारी वेल्डिंगची रेषा त्यांवर उभ्या असलेल्या तिसऱ्या पत्र्याखालून अखंड जावी म्हणून ठेवलेल्या अर्धगोल खाचेला 'स्कॅलप' म्हणतात. तळाशी साचलेल्या पाण्याचा निचरा व्हावा, टाकी भरताना कोंडलेली हवा सुटावी आणि कवचाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्या, म्हणजे स्टिफनर, आडव्या फ्रेममधून आरपार जाव्यात, यासाठीही निरनिराळ्या आकारांच्या खाचा लागतात.

मात्र खाच पडली की पत्र्यातला भार तिला वळसा घालून तिच्या काठाशी एकवटतो. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये 'इन्स्टिट्यूशन ऑफ नेव्हल आर्किटेक्ट्स' या संस्थेपुढे मांडलेल्या गणितानुसार ताणलेल्या रुंद पत्र्यातील वर्तुळाकार छिद्राच्या काठावर प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल, तिप्पट होते, तर ताणाला आडवे असलेले छिद्र रुंदीच्या तिप्पट लांब व लंबवर्तुळाकार असेल, तर त्याच्या टोकाशी ते सातपट होते. दुसऱ्या महायुद्धातील लिबर्टी जहाजांना याचा फटका बसला: थंडीत ठिसूळ होणाऱ्या त्यांच्या पोलादात मालकक्षाच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यांपासून तडे गेले आणि पुढे ते कोपरे गोलाकार करावे लागले.

म्हणूनच जहाजरचनेच्या संगणकप्रणालींत तयार खाचांच्या संग्रहाखेरीज हवा तो आकार घडवण्याची सोय असणे अत्यंत मोलाचे आहे. असा आकार रेखताना मोजमापाचा आरंभबिंदू कडेवर धरून त्रिज्या, रुंदी व खोली ही मापे ठरावीक आकड्यांऐवजी चलपदे म्हणून लिहिली, तर कवचाचा बाक बदलून कड सरकली तरी खाच तिच्याबरोबर सरकते. खाचेची रेषा कडेला दोन ठिकाणी छेदते आणि त्या दोन बिंदूंमधला कडेचा भाग गळून त्याजागी ती रेषा येते. त्यामुळे रेषेची दोन्ही टोके कडेच्या थोडी बाहेर काढणे हितावह असते, कारण ती नेमकी कडेवरच संपवली, तर सरळ कडेवर चपखल बसणारी खाच नाळेजवळच्या वक्र कडेवर अधांतरी राहू शकते. गोलाईसुद्धा बारीक सरळ तुकड्यांनी नव्हे, तर खऱ्या वर्तुळकंसांनी रेखावी, कारण हीच रेषा पुढे प्लाझ्माने पत्रा कापणाऱ्या यंत्राकडे जाते आणि तुकड्यांच्या सांध्यांवर काठाला दाते राहिले, तर लाटांच्या अखंड हेलकाव्यांमुळे धातूला येणाऱ्या थकव्याचा तडा तिथूनच सुरू होऊ शकतो.