वाढवलेला बूस्ट : चौदा पूर्णांक सातचे गणित

मढला मोटारीने यायचे तर मालाडहून मार्वे रोडने, आक्सा-एरंगळ ओलांडत. वर्सोव्याची फेरीबोट माणसे आणि दुचाकी आणते, मोटार नाही. मालाडच्या सिग्नलांवर रखडायचे आणि आक्सा मागे पडल्यावर मोकळ्या पट्ट्यात पाय दाबायचा, असा हा रस्ता. गावातली तरुण मुले जुन्या टर्बो गाड्या घेऊन त्यांचा ‘बूस्ट’ वाढवून घेऊ लागली, तेव्हा नेमके काय वाढते आणि काय तसेच राहते, हे मी समजून घ्यायचे ठरवले.

टर्बोची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली तिचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंवर एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते. दाब ठरल्याहून वाढू नये म्हणून ‘वेस्टगेट’ नावाची झडप जादा वायू बाजूने सोडून देते. या झडपेला फसवणे सोपे आणि स्वस्त असते. धोक्याची सुरुवात तिथेच होते.

आकडे पाहू. बूस्ट 0.8 बारवरून 1.2 बारवर नेला, तर वातावरणाचा दाब धरून 1.8चे 2.2 होतात. तापमान तेच राहिले असे मानले, तर हवा सुमारे 22 टक्के वाढते. पूर्ण जोर लावताना पेट्रोल इंजिनाला एका भाग इंधनामागे साधारण 12 भाग हवा दिली जाते, कारण जादा इंधन ज्वलन थंड ठेवते. दाब मोजणारा सेन्सर आपल्या मर्यादेला टेकला, किंवा इंजेक्टरची क्षमता संपली, तर इंधन तेवढेच राहते. मग 12चे होतात जवळपास 14.7. संथ चालीला हे प्रमाण उत्तम, पण पूर्ण जोरात घातक.

शिवाय दाबलेली हवा तापते. 30 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श गणितानेच ती सुमारे 96 अंशांवर जाते, प्रत्यक्षात शंभरीपार. ती निववणारा इंटरकूलर मालाडच्या रहदारीत आधीच तापलेला असतो. अशा हवेत ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्या धक्क्यांनी पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जाते. संगणक ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळू पाहतो. मग ती उष्णता धुरातून टर्बोवर जाते.

ताकद वाढवता येतच नाही, असे मात्र नाही. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात फियाटचे 1.4 लिटरचे टी-जेट इंजिन लिनियासाठी 114 अश्वशक्तीचे होते. 2015च्या अबार्थ पुंटोत त्याच घराण्यातले इंजिन 145चे आले. पण तिथे इंधन, ठिणगी आणि दाब यांचा हिशेब एकत्र मांडलेला असतो. आमच्या कोळीवाड्याच्या भाषेत सांगायचे तर, शीड मोठे लावले म्हणून डोलकाठी जाड होत नाही.

म्हणून गॅरेजवाल्याला ‘किती ताकद वाढेल?’ याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मिश्रणाचे प्रमाण मोजणार का, नॉकिंग तपासणार का, आणि तापलेल्या इंटरकूलरवर चाचणी घेणार का? उत्तर नुसते ‘काही होत नाही’ असे आले, तर गाडी तशीच घरी आणावी.