संख्यानाम आणि संख्यालेखन : पहिल्या दोन इयत्तांतील एक अडचण

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत बालक गणित म्हणून नेमके काय शिकत असते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावी सहा-सात वर्षांचे मूल शंभरापर्यंत म्हणू लागले, की त्याला 'अंक आले' असे आपण समजतो. वस्तुतः येथे तीन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात : संख्यानामांचा क्रम मुखोद्गत होणे, त्या नामांनी वस्तू मोजता येणे, आणि तीच संख्या अंकांच्या स्थानांवरून लिहिता-वाचता येणे. यांपैकी तिसरी गोष्ट मराठी बालकास विशेष कठीण का जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'त्रेसष्ट' हा शब्द घ्यावा. कानावर प्रथम तीन येतात, मागाहून साठ. लिहिताना मात्र डावीकडून प्रथम ६ मांडावा लागतो. शब्दाच्या क्रमाने हात चालविल्यास ३६ लिहिले जातात. संस्कृतातील 'पञ्चविंशति' या रचनेचाच हा वारसा आहे. 'एकशे त्रेसष्ट' म्हणताना तर शतक आधी, एकक मध्ये आणि दशक शेवटी येते. शिवाय घटक शब्दांची रूपेही स्थिर नाहीत. 'दोन' हे बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी असे रूप पालटते. 'साठ'चे 'सष्ट' आणि 'सत्तर'चे 'हत्तर' होते. 'एकोणतीस' या शब्दात वजाबाकी दडलेली आहे : ऐकू तीस येतात, लिहावयाचे २९. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवाशी मोडतो. कन्नड किंवा तेलुगू बालकास हा त्रास नाही. तेथे वीसच्या पुढील नामांत दशक प्रथम आणि एकक नंतर येते.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारले जाते. पहिलीतील जर्मनभाषक मुलांच्या संख्यालेखनाचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या चुका या उलट क्रमाशी निगडित आढळल्या. नॉर्वेने १९५१ साली अधिकृतरीत्या दशक आधी म्हणण्याची पद्धती स्वीकारली. तथापि जुनी नामे लोकांच्या बोलण्यात पुढे कित्येक दशके टिकून राहिली.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही वाचन देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, जोडाक्षरे आणि उलट क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताविषयी अप्रीती उत्पन्न होते. जुनी नामे काढून टाकलेली नाहीत, सोपा पर्याय दिला आहे. वृत्तपत्रांत आणि विधिमंडळातही त्यावर टीका व थट्टा झाली. परंतु त्या गदारोळात मूळ प्रश्न, म्हणजे बालक नेमके कोठे अडखळते, हा बाजूला राहिला.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. धनजच्या मुलाला कारंज्याच्या बाजारात 'त्रेसष्ट' हाच शब्द ऐकू येणार. तो न समजल्यास शाळेचे गणित घरच्या व्यवहारास पारखे होईल. उलटपक्षी, त्रेसष्टाचे ३६ लिहिणाऱ्या मुलाला निष्काळजी ठरविणे हा अन्याय होय. त्याने शब्द अचूक ऐकला आणि शब्दाचीच आज्ञा पाळली. अशा मुलावर 'गणित येत नाही' असा शिक्का दुसरीतच बसला, तर त्याचे परिणाम दूरवर पोचतात. २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीअखेर ९९ पर्यंत आणि दुसरीअखेर ९९९ पर्यंत वाचन-लेखन अपेक्षिले असल्याने हा धोका अधिकच संभवतो.

म्हणून 'सहा दशक तीन' हे वाचन पारंपरिक नामाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर त्याचा अर्थ उलगडण्यासाठी योजावे. पऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाने स्वतः मांडाव्या, 'सहा दशक तीन' म्हणावे, ६३ लिहावे आणि मग 'त्रेसष्ट' हे नाव घ्यावे. चुकांची नोंदही वर्गवार व्हावी. त्रेसष्टाचे ३६ ही क्रमाची चूक, एकशे त्रेसष्टाचे १००६३ ही स्थानिक किमतीची, तर एकोणतीसचे ३९ ही संख्यानामाची चूक मानता येईल. एकाच लाल फुलीने तिन्ही झाकल्या जातात. वऱ्हाडातील शाळांत श्रुतलेखनाच्या वह्यांवरून अशी वर्गवारी करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास अल्प साधनांत करता येण्याजोगे कार्य आहे. आणि संख्यानामांविषयीचा वाद पुन्हा उद्भवेल तेव्हा मताऐवजी पुरावा हाती असणे इष्ट होय.