समुद्र नसला तरी चालेल, वाळू हवी
महिलांचा युरोपीय बीच सॉकर पायरीपायरीनं समजून घेताना

कोल्हापुरात फुटबॉल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला, की गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर पेठेत रात्रीपर्यंत चर्चा रंगते. पण याच जाणकारांसमोर वाळूवरच्या फुटबॉलचा गुणतक्ता ठेवला, तर तेही बुचकळ्यात पडतात. दोन सामने जिंकलेला संघ एकच सामना जिंकलेल्या संघाच्या खाली कसा? ऑफसाइड कुठे गेला? आणि बरोबरीत सुटलेला सामना एकही कसा नाही?

या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. त्यासाठी युरोपातल्या महिला राष्ट्रीय संघांची बीच सॉकर स्पर्धा उदाहरणादाखल घेऊ. बीच सॉकर म्हणजे वाळूवर, अनवाणी, पाच-पाच जणींनी खेळायचा फुटबॉल. ही युरोपीय स्पर्धा पहिल्यांदा २०१६ मध्ये पोर्तुगालच्या कास्काइश गावी, लिस्बनजवळच्या किनाऱ्यावर झाली. भरवली ती बीच सॉकर वर्ल्डवाइड या संस्थेनं. आणि जिंकली कुणी? स्वित्झर्लंडनं, म्हणजे ज्या देशाला समुद्रच नाही त्यानं. घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. या खेळाला लाटा लागत नाहीत, वाळू लागते. सगळे नियमही त्या वाळूतूनच आलेले आहेत.

पायरी पहिली: मैदान

मैदानाची लांबी ३५ ते ३७ मीटर आणि रुंदी २६ ते २८ मीटर असते. नेहमीच्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाशी ताडून पाहिलं, तर हे जेमतेम सातव्या हिश्शाचं भरतं. वाळू किमान ४० सेंटीमीटर खोल, सैल आणि चाळलेली हवी. तिच्यात शंख-शिंपले आणि खडे नकोत, कारण पायात बूट नसतात. घोट्याला पट्टी बांधायला मात्र परवानगी असते.

वाळूवर चुना टिकत नाही. म्हणून मैदानाच्या कडा निळ्या पट्ट्या अंथरून आखतात. मैदानाच्या आत एकही रेष नसते. मध्यरेषा कुठे, हे बाहेर समोरासमोर रोवलेल्या दोन लाल निशाणांवरून ओळखायचं. गोलपासून ९ मीटरवर पिवळी निशाणं असतात. तिथून गोलपर्यंतचा भाग हे पेनल्टी क्षेत्र, म्हणजे जिथे गोलरक्षकाला हात वापरता येतो आणि जिथे बचाव करणाऱ्यानं फाउल केला तर पेनल्टी मिळते तो भाग.

नवखे प्रेक्षक इथेच पहिल्यांदा चुकतात. रेष दिसत नाही, म्हणून पंचांनी मनानंच पेनल्टी दिली असं त्यांना वाटतं. सामना सुरू होण्याआधी निशाणं कुठे आहेत ते एकदा नीट पाहून ठेवा, म्हणजे असे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

पायरी दुसरी: गोल आणि अंतर

गोलची चौकट ५.५ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच असते. मोठ्या मैदानावरची चौकट ७.३२ बाय २.४४ मीटर. म्हणजे मैदान सातपटींनी लहान झालं, पण गोलची रुंदी फक्त पाव हिश्शानं घटली. याचा परिणाम सरळ आहे. मध्यरेषेपासून गोल १८ मीटरच्या आसपास येतो, त्यामुळे जवळजवळ कुठूनही फटका मारून गोल करता येतो.

म्हणूनच एका सामन्यात दोन्ही बाजूंनी भरपूर गोल होतात. ५-४ असा निकाल पाहून ‘बचाव कच्चा होता’ असं म्हणण्याची घाई करू नये. मैदानाची मापंच तशी आहेत.

पायरी तिसरी: संघ आणि वेळ

गोलरक्षक धरून एका वेळी पाच जणी मैदानात असतात. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात आणि त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. हा नियम चैनीसाठी केलेला नाही. वाळूत दोन-तीन मिनिटं जोरात धावून पाहा, पोटऱ्या भरून येतात. प्रशिक्षक दमलेल्या जोडीला बाहेर बोलावतो, ताजी जोडी आत जाते आणि हे चक्र सामनाभर चालू राहतं.

सामना १२ मिनिटांच्या तीन सत्रांत होतो. मध्ये ३ मिनिटांची विश्रांती असते. गोल झाला किंवा फ्री किक मिळाली की घड्याळ थांबवतात, त्यामुळे ३६ मिनिटांचा सामना प्रत्यक्षात बराच लांबतो. दूरचित्रवाणीवर पाहत असाल तर कोपऱ्यातलं घड्याळ उलटं, शून्याकडे जाताना दिसेल. ते शून्यावर आलं की सत्र संपलं. मोठ्या मैदानासारखी वाढीव मिनिटं इथे मिळत नाहीत.

पायरी चौथी: चेंडू वर का ठेवतात

चेंडूचा आकार नेहमीचाच असतो, पण हवा कमी भरतात, म्हणजे अनवाणी पायाला तो लागत नाही. तरी वाळूवर तो घरंगळत नाही. कधी खळग्यात अडकतो, कधी उंचवट्यावरून भलतीकडे उडतो. म्हणून जाणकार खेळाडू पहिल्याच स्पर्शात चेंडू पायाच्या पुढच्या भागानं उचलते, हवेत ठेवते आणि हवेतूनच पुढे देते.

उलटं पडून डोक्यावरून मारलेले फटके या खेळात इतके का दिसतात, हेही आता कळेल. चेंडू आधीच हवेत असतो आणि खाली पडायला मऊ वाळू असते. कठीण मैदानावर जो फटका जोखमीचा, तो इथे रोजचा.

ऑफसाइड नाही. इतक्या लहान मैदानावर तो ठेवला, तर खेळ सतत थांबत राहील. त्यामुळे एखादी खेळाडू थेट विरोधी गोलसमोर उभी राहू शकते आणि गोलरक्षकानं हातानं फेकलेला लांब चेंडू तिच्याकडे येऊ शकतो. वाळूवर आक्रमणाची सुरुवात बऱ्याचदा गोलरक्षकापासून होते, ती अशी.

पायरी पाचवी: चार सेकंद आणि भिंत नसलेली फ्री किक

चेंडू बाजूला गेला, तर तो हातानं फेकायचा की पायानं मारायचा हे खेळाडूनं ठरवायचं. पण चार सेकंदांत निर्णय हवा. गोलरक्षकालाही चेंडू हातात घेऊन वेळ काढता येत नाही. पंच बोटं वर करून सेकंद मोजताना दिसले, तर त्याचा अर्थ हा.

फ्री किक म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा फटका. इथली प्रत्येक फ्री किक थेट गोलवर मारता येते आणि समोर खेळाडूंची भिंत उभी करायला बंदी आहे. विरोधकांनी किमान ५ मीटर लांब राहायचं. फटका मारणारी वाळूची लहानशी ढिगळी करून तिच्यावर चेंडू ठेवते. ती वेळ काढते आहे असं समजू नका, नियमात तशी मुभाच आहे. मध्यरेषेजवळचा साधा फाउलसुद्धा इथे महागात पडतो, कारण समोर फक्त गोलरक्षक असते.

लाल कार्ड मिळालेली खेळाडू परत येत नाही, पण तिचा संघ शेवटपर्यंत अपुरा राहत नाही. दोन मिनिटं झाली की तिच्या जागी दुसरी येऊ शकते. मोठ्या मैदानाची सवय असलेला प्रेक्षक इथेही गोंधळतो.

पायरी सहावी: गुणतक्ता वाचायचा कसा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

बीच सॉकरमध्ये बरोबरी नसते. तीन सत्रांनंतर गोल समान असतील, तर ३ मिनिटांचा जादा वेळ देतात. तरीही निकाल लागला नाही, तर पेनल्टी, म्हणजे आपण कोल्हापुरात ज्याला टायब्रेकर म्हणतो ते. मग विजय कोणत्या टप्प्यावर मिळाला त्यावर गुण ठरतात.

नियमित वेळेत जिंकलात तर ३ गुण. जादा वेळेत जिंकलात तर २. टायब्रेकरवर जिंकलात तर १. हरलात तर ०, मग तो पराभव टायब्रेकरमधला का असेना.

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. समजा एका गटात ‘अ’ संघानं दोन सामने टायब्रेकरवर जिंकले, तर त्याचे गुण झाले २. ‘ब’ संघानं एक सामना नियमित वेळेत जिंकला आणि दुसरा हरला, त्याचे गुण ३. म्हणजे ‘अ’ एकदाही हरला नाही, तरी ‘ब’ वर. गुणतक्त्यात फक्त विजयांचा रकाना पाहून उपयोग नाही. गुणांच्या रकान्यापर्यंत नजर न्यायला हवी.

या पद्धतीमुळे डावपेचही बदलतात. तिसऱ्या सत्रात शेवटची दोन मिनिटं उरली आणि बरोबरी असली, तर चांगला संघ स्वस्थ बसत नाही. तो सामना जादा वेळेत गेला, तर जिंकूनही एक गुण गेलेलाच असतो.

पायरी सातवी: स्पर्धेची बांधणी

सुरुवातीच्या वर्षांत ही स्पर्धा मोजक्या संघांची होती आणि एकाच गावी, काही दिवसांत उरकायची. पहिल्यांदा गटांतले साखळी सामने, मग बाद फेरी, मग अंतिम सामना. २०१७ मध्ये पोर्तुगालच्याच नाझरे गावी ती झाली आणि इंग्लंडनं जिंकली. २०२१ पासून तिला लीगचं रूप आलं. पुरुषांची युरोपीय लीग मात्र १९९८ पासून चालू आहे, त्यामुळे महिलांचा हा इतिहास अजून बराच कोवळा आहे.

सगळे सामने थोड्याच दिवसांत उरकायचे असले, की संघांना जवळजवळ रोज मैदानात उतरावं लागतं. अशा वेळी पहिल्या पाच जणींइतकंच राखीव खेळाडूंचं बळ मोलाचं ठरतं. कोणता संघ शेवटपर्यंत टिकेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर कोणाच्या किती खेळाडू खरोखर आलटून-पालटून वापरल्या जातात ते पाहावं.

युरोपाबाहेर महिलांसाठी एक मोठी पायरी २०१९ मध्ये आली. दोहा इथल्या जागतिक बीच क्रीडा स्पर्धेत महिलांचा बीच सॉकर होता आणि सुवर्णपदक स्पेननं नेलं.

पायरी आठवी: आपल्याकडे कुठवर आलं आहे

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं पुरुषांची राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ मध्ये सुरतच्या डुमस किनाऱ्यावर घेतली आणि केरळनं ती जिंकली. मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिली खेलो इंडिया बीच स्पर्धा झाली, तिच्यात बीच सॉकर होता. म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्या मुलीपुढे हा एक नवा रस्ता उघडतो आहे. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळून दाखवलं, ते अकरा जणांच्या मैदानावर. वाळूवरची गर्दी मात्र अजून विरळ आहे आणि लवकर सुरुवात करणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

पायरी नववी: सुरुवात कशी करायची

पहिल्या सरावासाठी कोकणात उतरायची गरज नाही. बहुतेक शाळांच्या मैदानात लांब उडीसाठी वाळूचा खड्डा असतो. शाळेची परवानगी घ्या, खड्डा फावड्यानं उलथा, काचा-खिळे-खडे वेचा आणि आठवड्यातून दोन दिवस मुलींना अनवाणी उतरवा. सामना त्यात मावणार नाही. पण चेंडू उचलणं, हवेत झेलून पुढे देणं आणि उलटा फटका, ही या खेळाची मुळाक्षरं तिथे गिरवता येतात.

पहिल्या दिवशी सर्वांत मोठी चूक होते ती उत्साहाची. गवतावर तास-तास खेळणारी मुलगी वाळूतही तासभर धावायला निघते आणि दुसऱ्या दिवशी पोटरी धरून बसते. सुरुवातीला १० मिनिटं पुरेत. घोटे आणि पोटऱ्या आधी नीट ताणून घ्याव्यात.

दुसरी चूक चेंडूची. नेहमीसारखा कडक फुगवलेला चेंडू अनवाणी पायाला झोंबतो, मुली कचरतात आणि खेळ नावडता होतो. बोटानं दाबल्यावर थोडा दबेल इतकीच हवा ठेवा.

मग एखाद्या सुटीत आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे किंवा गगनबावड्यावरून सिंधुदुर्गाकडे जायचं ठरलं, तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहा. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते. तिच्यावर खेळलात, तर सरावाचा हेतूच हुकतो. कोरड्या, सैल वाळूत मैदान आखा. दुपारची वाळू तळपाय भाजते, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर खेळा. स्थानिक ग्रामपंचायतीला आधी विचारा, आणि सामना संपल्यावर निशाणं नि पट्ट्या उचलून आणायला विसरू नका.

पहिला सामना पूर्ण तीन सत्रांचा ठेवू नका. पाच-पाच मिनिटांची तीन सत्रं, मुक्त बदली, ऑफसाइड नाही, बरोबरी नाही, आणि गुण ३-२-१-०. बाजूला एकीला घड्याळ द्या आणि एकीला गुण लिहायला बसवा. चार संघ जमले की एका दिवसात साखळी पूर्ण होते. गुणतक्ता मुलींनाच मांडू द्या. त्या दिवशीचा गुणतक्ता ज्यांनी स्वतः मांडला, त्यांना युरोपातल्या स्पर्धेचा गुणतक्ता कुणी समजावून द्यावा लागणार नाही.