कुकडीकाठची राख कोणत्या विभागाची?

बेल्ह्याचा बैलबाजार सगळ्यांना ठाऊक. पण तिथून जवळच, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला, नदीच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे आणि ती राख आली आहे थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून! अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त. चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली धरा: काचेच्या बारीक कपच्या दिसतील, काही तर फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारख्या वळलेल्या. वितळलेल्या खडकातला वायू फुगून फुटला आणि ही काच वाऱ्याने जुन्नर तालुक्यात आणून टाकली.

खरी गंमत पुढेच. याच गाळात अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेचं वय कळलं, की त्यांच्या वयाचाही अंदाज येणार. १९८९ साली पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने वय निघालं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये आलं ६ लाख ७० हजार. काचेचं रसायन तपासणाऱ्या काहींनी सांगितलं, छे, ही तर जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची! एका राखेची तीन वयं. संशयाची सुई कुकडीकडेही वळते, कारण नदीने जुने खनिजकण राखेत मिसळले असतील तर वय फुगतं.

आता या राखेवर पीएच.डी. करायची, तर नाव कुठे नोंदवायचं? भूविज्ञानात, रसायनात, की पुरातत्त्वात? भूविज्ञान शिकलेले शरद राजगुरू पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांच्या हाताखाली पुरातत्त्वात आले आणि नद्यांचे गाळ वाचत तिथेच रमले. बोरीवर काम करणाऱ्यांत तेही होते. दामोदर कोसंबींची तर तऱ्हाच वेगळी. हा गणिती जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास काढायचा, आणि शिकून मिळवलेली पदवी हार्वर्डची बी.ए. एवढीच. तेव्हा गाईड कोण, हा प्रश्नच नव्हता.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे गाईडच्या जोडीला दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही को-गाईड परवानगीने घेता येतो. मुदत किमान तीन वर्षं. कागदोपत्री वाट मोकळी आहे. पण दोघांना एकाच विषयावर राजी करणं विद्यार्थ्याच्याच गळ्यात, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. बोरी घेणाऱ्याला पहिलं प्रकरण मात्र नदीवरच लिहावं लागेल. राख पडली तिथेच राहिली, की पुराने ढकलत आणली, हे ठरल्याशिवाय प्रयोगशाळेतला कुठलाच आकडा हातकुऱ्हाडींना लावता येत नाही.